डाव्या कानातलं

आतल्या खोलीतला पलंग करकरला आणि स्नेहाचं बोट आपसूक मोबाईलवर गेलं. सिनेमा थांबला. तिने कान दिला. आत काहीच आवाज नव्हता. धम्मपाल नुसता कुशीवर वळला असावा. तिने सिनेमा पुन्हा लावला, तसं त्याचं घोरणंही सुरू झालं.

"झोपा, झोपा," ती पुटपुटली.

नोटांच्या प्रेसची रात्रपाळी करून आलेला हा माणूस चमचा पडला तरी उठायचा. त्यामुळे नाशिक रोडच्या त्या दोन खोल्यांत दुपारभर मिक्सर बंद, कुकर बंद, बोलणं बंद. आठवडाभर ती तो सिनेमा असा चिमटी-चिमटीने बघत होती. त्यात नणंद राखी सिन्नरहून रोज फोन करून छळायची.

"वहिनी, शेवट बघितला ना, की पहिल्यापासून सगळं उलटं दिसायला लागतं! सांगू?"

"सांगून तर बघ. तुझ्या सिन्नरला पाय ठेवणार नाही."

आज संध्याकाळी राखी स्वतःच टपकणार होती, आणि तिच्या पोटात काही राहत नसे. म्हणजे शेवट बघायचा तर आत्ताच.

चार वर्षांच्या यशूला गप्प बसवायची एकच युक्ती होती. इअरफोनचा डावा कान तिनेच चावून बंद पाडला होता. तो तिच्या कानात खुपसला की पोरगी मोठ्या बाईसारखी गंभीर होऊन आईला टेकून बसायची. तिच्या केसांना खोबरेल तेलाचा वास येत होता.

पडद्यावरची बाई जिना चढत होती. वर तिचा नवरा झोपलेला. साऱ्या सिनेमात ती एक शब्द बोलली नव्हती.

"आता लाईट जाईल," यशू कुजबुजली.

गेली.

"राखीआत्याने सांगितलं ना तुला?"

"नाही गं. ही काकू सांगते." यशूने पडद्यावरच्या बाईकडे बोट दाखवलं आणि डाव्या कानावर हात ठेवला.

पोरीलासुद्धा सोडलं नाही या राखीने! वैतागून स्नेहाने तो इअरफोन स्वतःच्या कानात घालून बघितला. काही नाही. यशूच्या कानाची ऊब तेवढी.

तिने तो परत दिला.

बाईने खोलीच्या दाराला हात लावला. आतलं घोरणं स्नेहाच्या उजव्या कानात आलं. मोकळ्या डाव्या कानात धम्मपालचं येत होतं. एकाच लयीत. शेवटी तीच बारीक शीळ.

तिने सिनेमा थांबवला.

दोन्ही कान शांत.

लावला. दोन्हीकडे घोरणं.

पुन्हा थांबवून, इअरफोनची वायर उपसून ती मोबाईलसकट आत धावली. धम्मपाल उताणा होता. छाती हलत नव्हती.

"अहो!" आठवडाभरात ती पहिल्यांदा ओरडली. त्याला गदागदा हलवलं. "धम्मपाल!"

चमच्याने उठणारा माणूस उठला नाही.

तिने सिनेमा लावला. त्याची छाती वर आली.

पडद्याखालची लाल रेघ टोकाला पोचत आली होती.

यशू मागोमाग येऊन उभी होती. डाव्या कानात तोच बंद इअरफोन. कुणाचं तरी ऐकल्यासारखी तिने मान हलवली.

"आई, काकू विचारतेय, सिनेमा संपल्यावर बाबा श्वास कसा घेणार?"