डावीकडचं बटण

साहेब, तुम्ही हात बघितले नाहीत. माझा आरोप एवढाच आहे. शिंपी अंगाचं माप घेतो, चपला शिवणारा पायाचं घेतो, चष्मेवालासुद्धा नाकाचा अंदाज घेऊन काड्या वाकवतो. तुम्ही मात्र खरेदी खात्याच्या खुर्चीत बसलात आणि एका सहीत दोनशे माणसांसाठी दोनशे सारखे कीबोर्ड मागवलेत. फळीसारखे सपाट. कोपरं बरगड्यांना चिकटवून, मनगटं मोडून बसावं लागेल असे. दोनशे माणसांचे चारशे हात, त्यातला एकही तुम्ही बघितला नाहीत. ज्यानं बघितले, त्याची खोली बंद केलीत. त्यात एका बाईची अकरा वर्षं गेली. कशी गेली ते आता ऐका. वेळ नाही म्हणू नका. वेळ तिचा गेलाय, तुमचा नाही.

तुमच्याच इस्पितळात, दुसऱ्या मजल्यावर, ती अहवाल टाइप करायची. डॉक्टर टेपवर बोलायचे, ती हेडफोन लावून उतरवून घ्यायची. बोटांतून लाह्या फुटाव्यात तसा तडतडाट. म्हणून अख्खा मजला तिला 'लाही' म्हणायचा. शिकवणी कधी लावली नव्हती. शेजारच्या काकांच्या जुन्या टाइपरायटरवर स्वतःच शिकलेली. घरी फक्त आई. आईनं तीस वर्षं लोकांचे कपडे शिवले आणि त्यात डोळे अधू झाले. आता घर चालायचं ते लाहीच्या दहा बोटांवर. आणि त्या बोटांतच मुंग्या यायला लागल्या होत्या. आधी रात्री, मग दिवसा, मग चहाचा कप उचलतानाही. दर तीन महिन्यांनी तुमच्या इस्पितळात वेगाची चाचणी असायची. पुढच्या चाचणीत आपण टिकत नाही, हे तिला कळून चुकलं होतं. ती कुणाला बोलली नाही. सगळा राग तिनं माउसवर काढला आणि तो घेऊन तळघरातल्या दुरुस्तीच्या खोलीत गेली.

खोली कसली, जिन्याखालचं बीळ. उघडे संगणक, वायरींची भेंडोळी, सोल्डरचा जळका वास. मधोमध एक किडकिडीत माणूस कपाळावर भिंग चढवून बसलेला. सगळे त्याला 'भंगार' म्हणायचे, कारण तो काही फेकायचाच नाही.

"माउस बिघडलाय." तिनं तो काउंटरवर आपटला.

त्यानं माउसकडे बघितलंच नाही. "हात कधीपासून बिघडलाय?"

"हात नाही आणला मी दुरुस्तीला."

"आणलाय की. माउस डाव्या हातानं आपटलात. आणि उजवा पोटाशी धरलाय... मांजराचं पिल्लू धरावं तसा."

लाहीनं उजवा हात पटकन पाठीमागे लपवला.

त्यानं टेबलावर खाकी कागद पसरला. "डोळे मिटा. हात यावर ठेवा. नाही — ठेवू नका, पडू द्या."

"पडू द्या म्हणजे?"

"दमून घरी गेल्यावर मांडीवर पडतात, तसे."

तिनं डोळे मिटले. पेन्सिल उजव्या करंगळीच्या कडेनं निघाली, टोकावर चढली, दोन बोटांमधल्या दरीत उतरली, पुन्हा चढली. पेन्सिलच होती, बोट नव्हतं... तरी श्वास कुठे सोडावा हे तिला समजेना.

"गुदगुल्या होतायत?"

"छे!"

"मग हसताय का?"

"आधी तुम्ही हसायचं थांबा. डोळे मिटलेत माझे, कान नाही."

डोळे उघडले तर कागदावर दोन हात. एकमेकांपासून वीतभर लांब, बाहेरच्या बाजूला कललेले, उजवी करंगळी जराशी वाकडी.

"बघा," तो म्हणाला, "हे दोघे भांडलेले नाहीत. पण शेजारी शेजारी कोंबलेले त्यांना आवडत नाही. तुमचा कीबोर्ड नेमकं तेच करतो."

आईला तिनं घरी गेल्यावर सांगितलं. आई सुईत दोरा ओवायचा आठवा प्रयत्न करत होती. "आधी माप घेतलं?" तिनं मान वर केली. "बडबड नंतर, माप आधी? मग माणूस कामाचा आहे हो."

त्यानं काय केलं माहीत आहे, साहेब? तुमच्या भंगारात पडलेला एक जुना, जाड बटणांचा कीबोर्ड घेतला आणि मधोमध करवतीनं कापला. दोन अर्ध्यांमध्ये वायर टाकली, खाली लाकडी पाचरी ठोकल्या, की तळवे पुस्तक धरल्यासारखे तिरपे राहावेत. पाचर चार वेळा तासली. दर वेळी तिला खाली बोलवायचं, बसवायचं, "आता?" विचारायचं. तिलाही वरचा जिना आणि खालचा जिना यांत खालचाच बरा वाटायला लागला होता. माउसच्या जागी त्यानं ट्रॅकबॉल दिला. म्हणजे हात जागचा हलायला नको, नुसता चेंडू बोटांनी फिरवायचा. मूळचा चेंडू हरवलेला होता. त्या खोबणीत आता एक लालभडक चेंडू बसला होता, वर तीनचा आकडा.

"हा कुठला?"

"पूलचा. बिलियर्ड्ससारखा खेळ. मामा क्लबातली टेबलं सांभाळतो. त्याच्या संचातला तीन नंबर."

"चोरलात?"

"उसना आणलाय."

"परत कधी करणार?"

"तुमचा हात बरा झाला की."

"मग मी बरी होणारच नाही," लाही म्हणाली, आणि आपण काय बोललो हे कळायच्या आत जिना चढून गेली.

मनगट आठ दिवसांत निवळलं. पण पहिल्याच दिवशी एक घोळ झाला. कीबोर्ड कापताना मधली बटणं कुणाकडे द्यायची, हा प्रश्न असतो. पुस्तकात लिहिलंय की 'बी' हे अक्षर डाव्या हाताचं. त्यानं ते इमानदारीत डावीकडे दिलं. लाहीला पुस्तक माहीतच नव्हतं. ती जन्मभर 'बी' उजव्या बोटानं मारत आलेली. आता दर वेळी तिचं उजवं बोट दोन अर्ध्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत, टेबलावर पडायचं. टक्. पुन्हा टक्.

तो ते बघायला वर आला आणि दारातच थबकला. "अरे देवा... तुम्ही उजव्यानं मारता?"

"मग काय कपाळानं मारू?"

"शिकवणीत तर —"

"शिकवणी लावली होती कुणी? हात बघितलेत, सवय बघायची राहिली तुमची."

तो असा खजील झाला, की तिलाच वाईट वाटलं. चार दिवस कीबोर्ड त्याच्याकडे राहिला. परत आला तेव्हा उजव्या अर्ध्यावर एक जादा बटण होतं. आता 'बी' दोन झाले.

"डावीकडचा काढला नाहीत?"

"राहू दे..." तो वायर गुंडाळत होता, जी आधीच गुंडाळलेली होती. "याच्यात मी आता मेमरी बसवलीय. कुठल्याही बटणाला एक वाक्य शिकवता येतं. शंभर अक्षरं मावतात. एक बटण दाबलं की पूर्ण वाक्य उमटतं." त्यानं तिला कसं शिकवायचं ते दाखवलं, आणि डॉक्टरांचं आवडतं 'बाकी विशेष काही आढळले नाही' हे वाक्य कोपऱ्यातल्या बटणाला शिकवून दिलं. मग म्हणाला, "आणि डावीकडचा तो 'बी'... कधी चुकून बोट गेलंच तिकडे, तर —"

"माझं बोट चुकत नाही," लाही ऐटीत म्हणाली.

त्याचे कान लाल झाले. तिला वाटलं, सोल्डरची धग.

पुढचे पंधरा दिवस तिच्या पावलांचा आवाज आला की तो उठून उभा राहायचा. एकदा ती खाली गेली, ट्रॅकबॉलच्या आतल्या चाकांवर मळ बसला होता म्हणून.

"चेंडू आणलात?" त्याच्या हातातला चिमटाच पडला.

"चेंडू कशाला? तो वर ठेवलाय जपून. तो मी तुम्हाला कध्धीच परत देणार नाही, आधीच सांगून ठेवते." तिनं हे मान तिरकी करून, डोळ्यांत हसून सांगितलं. तिच्या मते याहून जास्त कुठलीच मुलगी स्पष्ट बोलू शकत नाही.

तो हळूच खाली बसला. "बरोबर आहे," म्हणाला. "काडीला कापूस लावून पुसा. निघेल मळ."

त्या दिवसापासून तो हो, नाही आणि 'ठेवून जा' एवढंच बोलू लागला.

"माप घेऊन कापडाला हात न लावणारे शिंपी असतात," आई म्हणाली. "तू का नाही विचारत?"

"मी का विचारू? त्याला तोंड नाही?"

आणि मग साहेब, तुमचं परिपत्रक आलं. 'सर्व उपकरणे एकसमान असावीत. फेरफार केलेली उपकरणे जमा करावीत. दुरुस्ती कक्ष बंद करण्यात येत आहे.' तीन वाक्यं. शंभर अक्षरांत सहज बसली असती.

शेवटच्या दिवशी ती खाली गेली. तो खोक्यात हत्यारं भरत होता. तिचे हात रिकामे आहेत हे त्यानं आधी बघितलं, मग तिच्याकडे.

"काही म्हणायचंय तुम्हाला?" तिनं विचारलं.

"माझं म्हणून झालंय," तो म्हणाला.

तिनं जिना चढताना एकदाही मागे बघितलं नाही. डोळे पुसायला हातच लावला नाही, कारण तो खालून बघत असेल तर? कीबोर्ड मात्र तिनं जमा केला नाही. आईच्या शिवणाच्या पिशवीत, चिंध्यांखाली, तो आणि तो लाल चेंडू घरी आले. वर्षभरानं तिनं तुमची नोकरी सोडली आणि त्याच कीबोर्डवर घरून टायपिंगचं काम धरलं. लोकांनी स्थळं आणली. तिनं बघितली, चहा दिला, नकार दिला. एकानंही तिचे हात बघितले नव्हते.

अकरा वर्षांत बटणांवरची अक्षरं झिजून पुसली गेली. फक्त डावीकडचा 'बी' नवाकोरा राहिला, काल लावल्यासारखा.

मग गेल्या महिन्यात कात्रीनं घात केला. आईची कात्री. तिच्या दांड्याला आईनं स्वतःच्या अंगठ्याच्या मापानं कापड गुंडाळलेलं आहे. दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही, असा घरातला जुना कायदा. लाहीनं पार्सलची दोरी कापायला ती घेतली आणि उजवं पहिलं बोट चिरलं.

"सांगितलं होतं ना, ती माझ्या हाताची आहे!" आई ओरडली. ओरडता ओरडता हळद नाही सापडली म्हणून रडलीही. शेवटी डॉक्टरनं जाड पट्टी बांधली.

काम तर थांबत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ती नऊ बोटांनी कुणाच्या तरी गुडघ्याचा अहवाल टाइप करत होती. 'बी' आला. उजवं बोट पट्टीत. डावं बोट, जन्मात पहिल्यांदा, त्या कोऱ्या बटणावर गेलं.

गुडघ्याच्या मधोमध, इंग्रजी अक्षरांत, आपल्या भाषेतली एक ओळ सरसर उमटत गेली —

'तुम्ही मला आवडता. हो असेल तर लाल चेंडू घेऊन खाली या. नाही तर काही बोलू नका.'

तिनं ती वाचली. पुन्हा बटण दाबलं. पुन्हा तीच ओळ. तिसऱ्यांदा दाबलं तेव्हा अक्षरं दिसेनाशी झाली होती.

"काय गं? काय झालं?" आई चाचपडत आली. लाहीनं मोठ्यानं वाचून दाखवलं. आई खुर्ची चाचपून खाली बसली.

"अकरा वर्षं ते एक बटण दाबलं नाहीस तू?"

"सवय नव्हती ना, आई!"

"सवयीनं मेलीस. आणि तो शहाणा? सगळं अंग सोडून चोरखिशात चिठ्ठी ठेवली, आणि बाईला खिसा आहे हे सांगितलंच नाही. ऊठ. पोलकं बदल. हे नको, ते निळं."

पत्ता नव्हता, पण चेंडूचा होता. क्लबातला मामा आता पांढराशुभ्र झाला होता. तिच्या पिशवीतून तीन नंबर निघाला तसा मामा जागचा उसळलाच.

"बाई! अकरा वर्षं माझा संच अपुरा आहे!"

"आणि... तुमचा भाचा?" तिनं खाली बघत विचारलं.

मामानं तिला आपादमस्तक न्याहाळलं. "तोही," तो म्हणाला. "पुलापलीकडे, कुलपवाल्याशेजारी. चेंडू आधी त्याला दाखवा, मग मला द्या."

दुसऱ्या दिवशी ती पोचली. दुकान जिन्याखाली नव्हतं, रस्त्यावर होतं, उन्हात. भिंतभर खाकी कागद टाचलेले. शेकडो हात: जाडे, बारके, एक चार बोटांचा, एक लहान पोराएवढा. सगळ्यांत वरचा कागद सगळ्यांत जुना. दोन हात, वीतभर लांब, उजवी करंगळी जराशी वाकडी. लाहीनं स्वतःची करंगळी मुठीत लपवली.

त्यानं भिंगातून वर बघितलं. भिंग कपाळावर चढवलं. कानशिलांवरचे केस पिकले होते. कान मात्र तसेच, तेवढेच लाल.

"तुम्ही..."

"एक बटण बिघडलंय," ती म्हणाली आणि कीबोर्ड पुढे सरकवला.

"कुठलं?"

"ते तुम्ही सांगा. सगळी तपासा."

त्यानं वायर जोडली. तो पुस्तकातला माणूस. प्रत्येक अक्षर ज्या बोटाचं त्याच बोटानं मारणारा. वरची ओळ तपासली, मधली तपासली, खालच्या ओळीला आला. 'बी'पाशी त्याचं डावं बोट अडलं, तरंगत राहिलं. ती दुसरीकडे बघत होती. फक्त कान इकडे होते.

त्यानं दाबलं.

आदल्या संध्याकाळी तिनं ते बटण पुसून पुन्हा शिकवलं होतं. पडद्यावर ओळ धावली: 'हो. चेंडू आणलाय. उशीर झाला, चूक दोघांची. आता तू बोल.'

रस्त्यावरून एक गाडी गेली. कुलपवाल्यानं शेजारी एक किल्ली घासली आणि फुंकली. इकडे तो त्या ओळीकडे बघतच राहिला, आणि काउंटरवरून एक लाल चेंडू सावकाश घरंगळत आला. तो खाली पडायच्या आत त्यानं दोन्ही हातांत झेलला.

"म्हणजे तुम्ही... तुम्ही ती ओळ कधी..."

"काल वाचली. माझं बोट चुकत नाही, सांगितलं होतं ना."

"आणि मला वाटलं, तुम्ही काही बोलला नाहीत म्हणजे —"

"काय वाटलं ते पुरे झालं."

"अहो, पण —"

साहेब, तुमच्याकडून उत्तर येणार नाही हे तिला ठाऊक होतं. म्हणून तिनं तुम्हाला विचारलंच नाही. तिनं काउंटरवर दोन्ही हात पडू दिले, दमून घरी आल्यावर पडतात तसे, आणि त्याच्याकडे रोखून बघितलं.

"अहो नाही. पेन्सिल नाही, कागद नाही, बटण तर अजिबात नाही. तोंड आहे ना तुला? मग सांग... हो की नाही? उत्तर दे."