सवंगडी काढून टाकताना

चंद्राच्या पलीकडच्या बाजूवरून पृथ्वी कधीच दिसत नाही. पृथ्वीवरचा रेडिओचा गोंगाटही तिथवर पोचत नाही, म्हणून आकाश ऐकणाऱ्या अँटेना तिथे दूरदूर उभ्या केल्या होत्या. प्रत्येकीजवळ एक सर्व्हर (माहिती साठवणारा मोठा संगणक) होता. अलीकडे मात्र सगळ्यांच्याच नोंदी मध्येच तुटू लागल्या होत्या. अँटेना धडधाकट होत्या, वीजही होती. मग बिघडले काय?

जेवताना आबांनी हे कोडे शलाकाला घातले. आबा म्हणजे तिचे आजोबा, दुर्बीण-तळाचे प्रमुख. आई खाणीच्या कामावर गेली की घरात ही दोघेच असत.

"सर्व्हरमधली जागा संपली असेल," शलाका म्हणाली.

"बरोबर. कोणामुळे संपली तेही आज कळलं." आबा जरा थांबले. "सवंगडी. रोजच्या गप्पा साठवत तो फुगत गेलाय."

शलाकाचा घास हातातच राहिला. सवंगडी हा मुलांशी बोलणारा, खेळणारा प्रोग्राम. तळावरचा संगणक लहान, म्हणून तो अँटेनांच्या सर्व्हरवर बसवलेला. पूर्वी सगळी मुले मिळून त्याच्याशी भेंड्या खेळत. मग एकेक कुटुंब पृथ्वीवर परतले, आणि आता तळावर मूल असे शलाका एकटीच उरली होती. दुपारी शाळेचे पाठ संपले की ती खिडकीपाशी बसून सवंगड्याशी बोलत राही.

"तो काढायचा?"

"काढावा लागेल. आता इथली लांबलचक रात्र सुरू होईल. आकाश सगळ्यात छान तेव्हाच ऐकू येतं. ही रात्र वाया गेली तर वर्षभराचं काम बुडेल."

आबा उठले. ताट तसेच ठेवून शलाका त्यांच्यामागे नियंत्रण-खोलीत गेली.

"इतक्या सगळ्या अँटेनांपाशी तुम्ही जाणार कसे?" तिने विचारले.

"जायचं नाही. प्रत्येक सर्व्हरवर एक एजंट राहतो (आपल्या वतीने काम करणारा छोटा प्रोग्राम). 'ही फाईल पूस, ती फाईल पूस' असं त्याला सांगत बसावं लागत नाही. शेवटी काय हवं तेवढंच सांगायचं: सवंगडी हे पॅकेज (एका प्रोग्रामच्या सगळ्या फायलींचं बांधलेलं गाठोडं) इथे नसावं. असलं तर तो काढतो. आधीच नसलं तर कशालाही हात लावत नाही."

"आणि चुकीचं काही काढलं तर?"

"म्हणून आधी तालीम. एजंट खरोखर काही काढत नाही, फक्त काय काय जाईल ते दाखवतो."

पडद्यावर उत्तरे उमटू लागली. सवंगडी जाणार होताच, पण त्याच्यासोबत 'मराठी उच्चार' नावाचे पॅकेजही जाणार होते.

"हे सवंगड्याला बोलता यावं म्हणून आणलेलं. दुसरं कोणी वापरत नाही, म्हणून एजंट तेही आवरतोय," आबा म्हणाले.

शलाका पुढे वाकली. "पण आबा, हवेची गळती झाली की अँटेनाजवळच्या खोल्यांत इशारा देणारी बाई बोलते ना, ती इथेही ऐकू येते. तिचा आवाज अगदी सवंगड्याचाच आहे. सवंगड्याला मी रोज ऐकते, मला कळतो."

आबांनी तपासले. इशारा देणारा प्रोग्राम कोणीतरी घाईत हाताने बसवला होता. तो कोणावर अवलंबून आहे, याची नोंदच केलेली नव्हती. एजंटाला कळणार कुठून? उच्चार गेले असते तर गळतीच्या वेळी खोल्या मुक्या राहिल्या असत्या, आणि आत माणसे असती.

आबांचा चेहरा उतरला. त्यांनी ती नोंद केली आणि पुन्हा तालीम घेतली. आता फक्त सवंगडी जाणार होता.

"त्याला सांगून येऊ?" शलाकाने विचारले.

"ये."

ती खिडकीपाशी गेली. "जाते," एवढेच म्हणून ती परतली आणि आज्ञेचे बटण तिनेच दाबले.

एकेका एजंटाचे उत्तर आले: काढले. सगळ्यात दूरची अँटेना मात्र गप्प होती. डोंगराआड तिचा संपर्क तुटला होता.

"तिथे तो अजून आहे?"

"आहे. संपर्क आला की तिथला एजंट आज्ञा वाचेल आणि काम करेल. पुन्हा सांगावं लागणार नाही."

शलाका पडद्यासमोरून हलली नाही. बऱ्याच वेळाने शेवटची ओळ उमटली: काढले. मग दूरच्या अँटेनांच्या नोंदींचे आकडे पुन्हा वाढू लागले. या वेळी ते थांबले नाहीत.

आबा तिच्याकडे पाहत होते. तिच्या दुपारी कशा जातात, हे त्यांनी कधी विचारलेच नव्हते.

"शलाका, हात पुढे कर," ते म्हणाले आणि त्यांनी खणातून मोजपट्टी काढली.

"कशाला?"

"इथल्या अंतराळ-पोशाखांत तुझ्या मापाचा एकही नाही. शिवायला सांगतो. अँटेना बघायला मी एकटाच जातो, आता दोघं जाऊ."

शलाकाने हात पुढे केला आणि ती ताठ उभी राहिली.