न भाजलेला सातू

माल्टच्या, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या सातूच्या, पोत्याला बुरशी लागल्याचं जयराजला कळलं ते एका गुरुवारी, बिअर करायला बसल्यावर. त्याची बायको रेश्मा जाऊन तीन वर्षं झाली होती. तिच्या वहीतल्या कृतीनं तो दर वर्षी तिच्या वाढदिवसाला घरच्यापुरती बिअर करायचा. चव जराही बदलू नये, एवढंच त्याला हवं असायचं. आणि वहीतलं ते माल्ट आता बाजारात मिळेनासं झालं होतं. वाढदिवस पाच आठवड्यांवर होता.

साताऱ्याच्या बाजारात तो सातू विचारत फिरत होता, तेव्हा मागून आवाज आला, "साधा पायजे, का मोड आणून वाळवलेला?"

बाजारात बसणारी आष्ट्याची संयोगिता होती. लहान बाळांसाठी सत्त्व बनवून विकायची.

"मोडाचा. बिअर करायचीय."

"आवं, बाळांच्या खाऊची बिअर?" ती खळखळून हसली. "करा की. मीबी येते बघायला."

रविवारी ती खरंच त्याच्या घरी आली. रेश्माची वही दाखवून त्यानं तिला सगळं सांगितलं. जयराजनं तिचा सातू भरडून तासभर गरम पाण्यात ठेवला, मग बशीत त्यातलं थेंबभर पाणी घेऊन त्यावर आयोडीन टाकलं. पिठाची साखर झाली असेल तर ते काळं पडत नाही. दोघं बशीवर वाकले... तिच्या केसांना धान्याचा खमंग वास होता.

थेंब काळाभोर झाला.

"सातू भाजला हुता का?"

"व्हय. सत्त्वाचा भाजतातच – त्याबिगर बाळं खात न्हाईत."

"भाजला की मोडातली ताकद जाते. पिठाची साखर हुत न्हाई."

"मग पुढच्या रविवारी नुसता उन्हात वाळवलेला आणते. तवर दुसरीकडं जायचं न्हाई."

"सातू आणायला?"

"सातू आणायलाबी."

पुढच्या रविवारी थेंब तांबूसच राहिला. रेश्माच्या वाढदिवसाला दोघांनी बाटली उघडली. जयराजनं घोट घेतला आणि वहीकडं पाहिलं.

"रेश्माताईंसारखी न्हाई ना झाली?"

"न्हाई. तशी आता व्हायची न्हाई. पण ही... लय आवडली मला. तुमीबी."

"आधी बिअर, मग मी?"

"बिअरचं बोलणं सोपं हुतं."

तिनं त्याच्या हातातला पेला घेतला, एक घोट प्यायली, तोंड वाकडं केलं. "कडू हाय. पण तुमी आवडलाय मला."

लग्नाचं दोघांनी तिथंच ठरवलं. तिच्या वडिलांना, नानासोंना, विचारायचं अजून राहिलं आहे.