थांबवाफ

जुनी मैत्रीण विमल खाडिलकर यांच्या पत्राला डॉ. दिगंबर टेंबे यांनी उत्तर दिले नव्हते. ‘उतारवयात सोबत राहायचे का? दिवाळीपर्यंत कळवा, नाहीतर मी बहिणीकडे बडोद्याला कायमची जाते,’ एवढेच विमलबाईंनी विचारले होते. आता दिवाळीला दोनच महिने उरले होते.

पाचगणीच्या डोंगराच्या पोटातल्या टेंब्यांच्या अळिंबी-प्रयोगशाळेतही सारे असेच अडले होते. ट्रेमधल्या कंपोस्टवर केसिंगचा, म्हणजे वरून झाकायच्या मातीचा थर होता. नव्या वाणाचे कवकजाल त्या मातीत कापसासारखे पसरले होते; अळिंबी मात्र एकही नव्हती.

“कारण सापडलं, सर,” जिवाणुतज्ज्ञ रुक्साना मुजावर म्हणाली. “हे वाण थांबवाफ सोडतं. त्या वाफेनं जाळं स्वतःलाच बजावतं, अजून नको. केसिंगमधले जिवाणू ती खातात, तेव्हाच अळिंबी धरते. आपण माती इतकी उकडली की जिवाणूच मेले. आणि ती वाफ आपणही हुंगतोय. उगाच नाही आपला कोपऱ्यातला नळ दुरुस्तीवाचून तीन उन्हाळे गळत!”

“तरीच!” टेंबे उद्गारले.

“तरीच काय?”

“नंतर सांगतो.”

“बघा, हुंगलीत!”

जिवाणू परत यावेत म्हणून मातीत मुरलेले शेणखत मिसळले. टेंब्यांना ते पुरेसे वाटेना. त्यांनी गुपचूप आणखी दोन घमेली ओतली. थांबवाफ साफ नाहीशी झाली. ट्रेवर मोहरीसारखे असंख्य कोंब फुटले. पोसला एकही नाही. शिपाई शंकरभाऊंनी नळ, पंखा नि दार एकदमच दुरुस्तीला काढून अर्धवट ठेवले. रुक्सानाने पोहणे, सतार आणि जपानी अशा तिन्ही वर्गांत नाव घातले. टेंब्यांनी पत्राला ढीगभर उत्तरे लिहायला घेतली. एकही दुसऱ्या ओळीपलीकडे गेले नाही.

“केसिंगचा थर जाड करू,” रुक्साना म्हणाली. “त्यात थोडी वाफ राहिली तर कोंब कमी सुटतील, पण टपोरे होतील.”

तसेच झाले. अळिंबी मुठीएवढी आली, दार पुन्हा जागी बसले, आणि टेंब्यांनी एकच उत्तर लिहिले: ‘हो. या.’

रुक्साना त्यांना चौकातल्या टपालपेटीपर्यंत घेऊन गेली. पत्र फटीत अर्धे गेले आणि थांबले.

“सर, इथे उघड्यावर वाफ कुठली?”

“नाही खरी.”

“विमलबाईंचं पत्र वाचलं कुठे होतं?”

“घरी.”

“घरी ट्रे आहेत?”

टेंब्यांचा चेहरा पडला. “म्हणजे हे थांबणं माझंच?”

“तुमचं वाणच तसं. सोडा आता, नाहीतर पोस्टमन हातासकट घेऊन जाईल.”

टेंब्यांनी डोळे मिटून बोटे सैल सोडली. पत्र आत पडल्याचा आवाज झाला. टेंब्यांनी लगेच वाकून फटीत पाहिले.

“अक्षर बरं होतं ना गं?”