झाकलेल्या दोन वाट्या

आटपाडीच्या गल्लीत महाबळेश्वरला टॅक्सी चालवणारा मल्हार गाडीतून स्ट्रॉबेरीची पेटी घेऊन उतरला आणि समोरून येणाऱ्या शिवांजलीला धडकला. शंभर स्ट्रॉबेऱ्या उडाल्या. नव्याण्णव पुन्हा पेटीत पडल्या, शंभरावी तिच्या ओंजळीत! खोटं वाटतं? पेटी अजून हाय.

“गाडीपण अशीच चालवता?” सरकारी दवाखान्यातली नर्स ती.

“गाडीला आरसे हायत. मला न्हाईत...” म्हणाला आणि बघतच राहिला.

दोघं निघाले होते एकाच घरी. मल्हारच्या बहिणीचं, पल्लवीचं डोहाळजेवण होतं. फुलांचे दागिने घालून ती झोपाळ्यावर बसलेली. पुढ्यात झाकलेल्या दोन वाट्या. पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी.

“मागं रेल की गं,” बायका म्हणाल्या.

“नको... टेकलं की गुदमरतंय. झोपतेपण बसूनच.”

“पोटुशीला दम लागायचाच!” आई अंबूबाई घाईनं म्हणाल्या.

शिवांजलीचं हसू थांबलं. “लहानपणी ताप येऊन हिचे सांधे सुजायचे का?”

“न्हाई बाई, कवाच न्हाई!”

समोर पल्लवीच्या सासूबाई बसलेल्या. लग्न मोडू नये म्हणून माहेरानं गिळलेली गोष्ट ती. मल्हारनं आईकडं पाहिलं, मग बहिणीच्या निळसर ओठांकडं.

“सुजायचे. हृदयाची झडप आकसलीय, असं डॉक्टर म्हणाले होते... आमी लपवलं.”

सासूबाई ताडकन उठल्या. “भांडण मागनं. आधी गाडी काढ रं!”

टॅक्सी अशी पळाली की तिची सावली तासगावातच मागं राहिली. बिचारी एसटीनं सांगलीला आली. तिथं हृदयाचे आणि बाळंतपणाचे डॉक्टर एकत्र बसले. औषधं ठरली, बाळंतपणही तिथंच करायचं ठरलं. मग दर पंधरवड्याला तपासणी – मल्हार गाडीवर, पल्लवीशेजारी शिवांजली.

“सुट्टी काढून येता... फक्त बहिणीसाठी?” आरशातून मल्हार.

“समोर बघा!” आरशातूनच ती.

मुलगी झाली. धोका बाळंतपणानंतरही असतो, म्हणून डॉक्टरांनी पल्लवीला आणखी आठवडाभर ठेवून घेतलं. बारशाला मात्र ती झोपाळ्यावर मागं रेलून ऐसपैस बसली. मल्हारनं शिवांजलीपुढं झाकलेल्या दोन वाट्या सरकवल्या.

“पेढा निघाला तर... व्हय म्हणायचं. बर्फी निघाली तर मी चाललो महाबळेश्वरला.”

तिनं एक उघडली. पेढा! गाल लाल झाले. पण तपासल्याशिवाय सोडेल ती नर्स कसली? दुसरीही उघडली. पेढाच.

“लपवायची खोड गेली न्हाई तुमच्या घराची!”

“बर्फी आणायचा धीर झाला न्हाई...”

तिनं एक पेढा त्याच्या तोंडात कोंबला, दुसरा स्वतःच्या. आणि तोंड भरलेलं असतानाच म्हणाली, “व्हय.”