काचेआडचा होकार

"माझ्या बायकोनं माणूस मारलेला नाही," दारातूनच तो म्हणाला. खुर्ची पुढे केली तरी बसेना.

आत्यानं चष्मा कपाळावर सरकवला. "इथे येणारा प्रत्येक जण उभ्यानंच सुरुवात करतो. बसा. सावकाश, पाणी दे यांना."

सावकाश म्हणजे आत्याचा भाचा. खरं नाव वेगळं होतं, पण चहा गार झाल्यावर त्याला साखर आठवायची, म्हणून आत्यानं हे ठेवलं आणि ते चिकटलं. विमा कंपनीत खोटे दावे हुडकण्यात आत्याची उभी हयात गेली होती. निवृत्तीनंतर तिनं चावीवाल्याच्या दुकानावरची ही खोली घेतली, आणि कुठेच न टिकलेल्या भाच्याला हाताशी घेतलं. घरचे म्हणत, आत्यानं त्याला मार्गी लावलं. सावकाशला मात्र रोज वाटे, की आपण फक्त जिने चढतोय.

पाहुण्यानं पाणी पिऊन हकिकत सांगितली. तो आणि त्याची बायको एकाच हॉस्पिटलात डॉक्टरांचे सहायक होते. तो ऑपरेशन थिएटरात, ती वॉर्डात.

"सहायक म्हणजे नर्स?" सावकाशनं विचारलं.

"नर्स नाही आणि डॉक्टरही नाही. आमचं शिक्षण वेगळं. रुग्ण तपासायचा, निदान सुचवायचं, टाके घालायचे. पण काही कामं डॉक्टर शेजारी उभे असल्याशिवाय करायची नाहीत. छातीत सुई घालून पाणी काढणं हे त्यातलंच."

"आणि ते तिनं केलं," आत्या म्हणाली.

"सरांनी सांगितलं म्हणून केलं. सर म्हणतात, मी सांगितलंच नाही. परवा समितीपुढे सुनावणी आहे. तिचा परवाना जाईल, वर पोलिसात तक्रार होईल." त्यानं हात जोडले. "बाई, काहीही करा, पण ती खोटं बोलत नाही एवढं सिद्ध करा."

"तुम्ही त्या वेळी कुठे होतात?"

"थिएटरात. एका मुलीच्या पोटाचं ऑपरेशन चाललं होतं. सर टेबलाच्या त्या बाजूला, त्यांचं तोंड दाराकडे. मी समोर, माझी दाराकडे पाठ. सहायकाची जागा तीच. मला काहीच दिसलं नाही."

तो गेल्यावर आत्या बराच वेळ खिडकीशी उभी राहिली. "भला माणूस आहे," सावकाश म्हणाला. "हो," आत्या म्हणाली. तिच्या त्या 'हो'मध्ये काहीतरी खटकलं, पण काय ते त्याला कळलं नाही.

---

बायको घरी होती. कामावरून काढल्यापासून ती घरातली भांडी घासून घासून झिजवत असावी. ओटा लखलखत होता, आणि तिचा चेहरा मात्र ओढलेला होता.

"घड्याळकाका," ती म्हणाली. "सगळा वॉर्ड त्यांना तेच म्हणायचा. आयुष्यभर घड्याळं दुरुस्त केली. वॉर्डातलं बंद घड्याळसुद्धा पलंगावर मागवून चालू केलं. त्या दिवशी त्यांना श्वास घेववत नव्हता. मी पाठीवर टकटक करून पाहिलं. उजवी बाजू भरलेली, दगडासारखी. पेनानं तिथे फुली मारली."

"मग?"

"एक्स-रे काढला. वॉर्डातला स्क्रीन बिघडला होता, म्हणून जुन्या पद्धतीनं फिल्मवर. पाणीच पाणी, हृदयसुद्धा पलीकडे ढकललं गेलेलं. दुसरे डॉक्टर कधीचे रजेवर. आमच्याकडे दिवसभर एकच मोठे डॉक्टर, आणि ते थिएटरात. तेव्हा आम्ही नेहमी करतो तेच केलं. थिएटरच्या दाराला काच आहे, तिला फिल्म लावली. आतल्या दिव्याच्या उजेडात मलाही दिसत होती."

"बोलणं कसं होतं?"

"होतच नाही. काचेतून आवाज जात नाही, आणि सरांचे हात निर्जंतुक, कशाला लावायचे नसतात. म्हणून ते कोपर उचलतात. ज्या बाजूचं कोपर, ती बाजू. मग मान हलवली की काम सुरू करायचं."

सावकाशला ही गंमत वाटली. "म्हणजे डॉक्टरांची देखरेख कोपरानं?"

"हसा," ती म्हणाली. "आम्हीपण हसायचो. शेजारी उभं राहायचं असा नियम आहे, पण एक माणूस किती जणांच्या शेजारी उभा राहणार?" ती थांबली. "सर काचेपाशी आले. फिल्म पाहिली. डावं कोपर उचललं. मी उजवीकडे हात दाखवला. त्यांनी पुन्हा डावंच उचललं, चिडून. मान हलवली आणि गेले."

"आणि तू डावीकडे सुई घातलीस," आत्या म्हणाली.

"हो. त्यांचं एकच फुप्फुस चालत होतं. तेच मिटलं."

तिनं पदरानं डोळे पुसले नाहीत. तसेच वाहू दिले.

---

घड्याळकाकांच्या घरी भिंतीवर एकही घड्याळ नव्हतं. "लोकांची दुरुस्त करण्यात गेला जन्म," त्यांच्या मागे राहिलेल्या त्यांच्या पत्नी, आजी, म्हणाल्या. "हो, फुली होती उजवीकडे. शेवटची अंघोळ घालताना मीच पाहिली. कोणी विचारलं नाही म्हणून सांगितलं नाही."

"तिच्यावर राग आहे तुमचा?"

"राग कोणावर करायचा हेच कळत नाही हो."

हॉस्पिटलातून आलेली कपड्यांची पिशवी अजून तशीच खुंटीला होती. आजींनी त्यातून फिल्म काढली. त्या गडबडीत ती पलंगावरच राहिली होती आणि कपड्यांबरोबर घरी आली होती. आत्यानं ती खिडकीशी धरली. इतकी काळी निघाली होती, की उन्हातही डोळे ताणावे लागले. एका कोपऱ्यात बाजू सांगणारं बारीकसं अक्षर होतं.

"ही समितीनं पाहिली?"

"ही कुणी मागितलीच नाही. त्यांच्या कॉम्प्युटरवर अहवाल आहे म्हणे."

आत्यानं दोन दिवसांसाठी फिल्म मागून घेतली.

---

मोठे डॉक्टर वागायला अतिशय सभ्य होते. त्यांनी दोघांना बसवलं, चहा मागवला, आणि घड्याळाकडे एकदाच पाहिलं.

"पोरगी हुशार आहे. म्हणूनच वाईट वाटतं. पण हुशारी डोक्यात गेली की असं होतं. मी टेबल सोडलंच नाही. थिएटरातले सगळे सांगतील."

"तुम्ही एक्स-रे पाहिलाच नाही?"

"कुठून पाहणार? नंतर कॉम्प्युटरवर अहवाल वाचला, तेवढाच. त्यात स्वच्छ 'उजवीकडे' असं लिहिलंय." त्यांनी हळहळून मान हलवली. "त्या काळ्याकुट्ट फिल्मवरून तिनं डावीकडे कसं वाचलं, देव जाणे. आणि मग कोपर उचललं म्हणे! तुम्हाला तरी पटतं का?"

आत्या गोड हसली. "चहा छान होता," ती म्हणाली. सावकाशचा कप अजून अर्धा होता. तो तसाच ठेवून त्याला तिच्या मागं धावावं लागलं.

थिएटरची सिस्टर जिन्यापाशी भेटली. ती बोलताना सारखी मागं वळून बघत होती.

"आल्या होत्या की काचेशी. भाऊंनीच पहिल्यांदा पाहिलं. मान वर करून म्हणाले, आली बघा. सर म्हणाले, नंतर बघतो. टेबल काही सोडलं नाही हो त्यांनी."

"भाऊ म्हणजे तिचा नवरा?"

"हो. बिचारे. हाताला इतकी सफाई आहे, पण शेवटी सहायकच." एवढं बोलून ती लगबगीनं वर गेली.

---

सुनावणीच्या आदल्या दिवशी आत्यानं नवरा-बायकोला बोलावलं. खोलीच्या दाराला अर्ध्यापर्यंत काच होती. आत्यानं बायकोला आत उभं केलं, हातात फिल्म दिली, आणि नवऱ्याला बाहेर जायला सांगितलं.

"तुला वाचता येईल अशी धर आणि काचेला लाव," ती म्हणाली. मग मोठ्यानं, "पाणी कुठल्या बाजूला आहे?"

"उजव्या," बायको म्हणाली.

"डाव्या," बाहेरून नवरा म्हणाला.

सावकाशनं एकदा आतून पाहिलं, बाहेर जाऊन एकदा पाहिलं, आणि आ वासला.

"तिनं स्वतःला वाचता येईल अशी फिल्म धरली," आत्या म्हणाली. "साहजिक आहे. पण थिएटरच्या आतल्या माणसाला ती मागून दिसते, म्हणजे उलटी. पाणी डावीकडे, आणि हृदय उजवीकडे ढकललेलं. चित्र इतकं नीट जुळतं, की शंकाच येऊ नये. बाजूचं अक्षर तिच्या अंगठ्याखाली आहे, आताही आहे, पाहा. डॉक्टर घाईत होते. त्यांनी प्रामाणिकपणे डावं कोपर उचललं. प्रामाणिकपणा तेवढाच होता."

"पण ते आले होते हे कशावरून?" सावकाशनं विचारलं.

"एक म्हणजे फुली. स्वतःच्या मनानं काम करणारी बाई स्वतः मारलेली फुली सोडून दुसऱ्या बाजूला कशी जाईल? तिला कोणीतरी तिकडे पाठवलं. आणि ज्यानं पाठवलं त्यानं फिल्म उलटी पाहिली. तशी ती फक्त त्या काचेतून दिसू शकते. दुसरं, डॉक्टरांनी फिल्म पाहिलेली नाही, फक्त अहवाल वाचला. मग ती काळीकुट्ट होती हे त्यांना कोणी सांगितलं? ती तर आजींच्या खुंटीला होती."

बायकोच्या डोळ्यांत कितीतरी दिवसांनी जरा उजेड आला. "म्हणजे मी सुटले?"

आत्यानं तिच्याकडे पाहिलं नाही. ती नवऱ्याकडे वळली.

"डॉक्टर एवढी साधी गोष्ट का नाकारतात? फिल्म उलटी दिसली, चूक झाली, म्हणायला काय जातं? जातं, कारण ते दाराशी आले तेव्हा टेबलावर मुलीचं पोट उघडं होतं. त्या पोटाशी कोण होतं?"

त्यानं दोन्ही हात पाठीमागे नेले.

"तुम्ही म्हणालात, तुमची दाराकडे पाठ होती. सिस्टर म्हणते, मान वर करून तुम्हीच पहिल्यांदा हिला पाहिलं. पाठीला डोळे नसतात. तुम्ही डॉक्टरांच्या जागेवर उभे होतात. ऑपरेशन तुम्ही करत होतात."

बाहेर चावीवाल्याची कानस चालू होती.

"तू पाहिलंस," बायको म्हणाली. "कोपर उचललेलं तू पाहिलंस."

"पाहिलं."

"आणि समितीला लेखी जबाबात सांगितलंस की सर हलले नाहीत."

"चिमटे माझ्या हातात होते गं." तो रडू लागला. "सर मला नेहमीच देतात. आधी टाके, मग थोडं आत, मग सगळंच. नाही म्हणायची सोय कुठे आहे? खरं बोललो असतो तर मीपण गेलो असतो. दोघंही घरी बसलो असतो. आपल्या लेकीकडे कोण बघणार? म्हणून यांच्याकडे आलो. वाटलं, या दुसरीकडून काहीतरी शोधून काढतील, आणि मला बोलावं लागणार नाही."

सावकाशला त्याचा राग यायला हवा होता. आला नाही. त्याच्या जागी आपण असतो तर काय केलं असतं, हा विचार त्यानं घाईघाईनं बाजूला सारला.

"दुसरीकडे काही नाही," आत्या म्हणाली. "काळ्या फिल्मचं ते माझ्यापुढे बोलले, ते उद्या नाकारतील. फुली अंघोळीत धुतली गेली. डॉक्टर टेबलावर नव्हते असं सांगू शकणारे तुम्हीच. आणि तुम्ही आधी उलटं सांगून बसलायत."

---

दुसऱ्या दिवशी तो बोलला. सगळं बोलला. स्वतःचे हात पुढे करून म्हणाला, ते ऑपरेशन या हातांनी केलं.

डॉक्टरांनी शांतपणे ऐकून घेतलं. "नवरा आहे," ते म्हणाले. "बायकोसाठी बोलणारच. माणूस म्हणून मी समजू शकतो." सिस्टरला विचारलं, तर तिनं खाली मान घालून पहिलंच उत्तर पुन्हा दिलं. भूल देणाऱ्या डॉक्टरांनीही तेच दिलं. आत्यानं फिल्म काचेला लावून दाखवली. समितीतले दोघे पुढे वाकले, "इंटरेस्टिंग" म्हणाले, आणि मागं टेकले.

निकाल लागला. बायकोचा परवाना रद्द. जबाब फिरवल्याबद्दल नवरा निलंबित. आणि यापुढे असा गोंधळ नको म्हणून थिएटरच्या दाराच्या काचेला आतून कागद चिकटवायचा. देखरेख करणारा डॉक्टर एकच होता, तो एकच राहिला.

बाहेर बाकावर आजी बसल्या होत्या. त्यांना कोणी बोलावलं नव्हतं, त्या आपणहून आल्या होत्या. सावकाशला वाटलं, आता काहीतरी तमाशा होणार. पण आजींनी सरकून जागा केली आणि बायकोला शेजारी बसवलं.

"तुला माहीत होतं ना पोरी, पाणी कुठल्या बाजूला आहे ते?"

"माहीत होतं."

"मग त्यांचं का ऐकलंस?"

"आजी, त्यांचं न ऐकायची मला परवानगी नव्हती."

आजी तिच्याकडे वळल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता, त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं.

"आणि असती तर?"

ती आपल्या हातांकडे बघू लागली. सावकाशनं आत्याकडे पाहिलं. आजवर कुठल्याही प्रश्नावर आत्या गप्प बसलेली त्यानं पाहिली नव्हती. आत्या चष्म्याची काच पुसत होती, आणि पुसून झाल्यावरही पुसतच राहिली.