सुकरामची ड्युटी

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, मध्येच दात काढलेले मला चालत नाहीत. मी इंजिनिअर आहे, गाडीला लिंबू-मिरची बांधणारी बाई नव्हे. प्रेरणा मॅडम म्हणजे डोक्यानं गरम, असं आमचं सगळं ऑफिस सांगेल.

काम साधं होतं. गोंदियातून जाणाऱ्या हायवेवरचे जुने पूल पाडून नवे बांधायचे, आणि कुठला आधी पाडायचा तो क्रम आम्ही लावून द्यायचा. त्यासाठी पुलाखाली उतरून एकेक खांब हातोडीनं ठोकत फिरायचं. काँक्रीट भरीव असेल तर आवाज टणक येतो, आतून सुटलं असेल तर भद्द. फुलचूरच्या अलीकडचा नाल्यावरचा पूल त्या दिवशी शेवटचा होता. ऊन उतरलं होतं, नाल्याला कुजलेल्या तणसाचा, म्हणजे धानाच्या पेंढ्याचा, वास येत होता. वरून धानाचे ट्रक राईस मिलकडे चालले होते आणि प्रत्येक ट्रकसरशी पायाखालची माती थरथरत होती.

पुलाखाली एक चहाची टपरी होती. टपरीवाली चंद्रकांताबाई, केस पार पांढरे झालेली, माझ्या हातोडीकडे एकटक पाहत होती.

"तिसऱ्या खांबाले नोको ठोकू, पोरी."

"कायले?"

"तो परत ठोकते."

झालं! कोणी नको म्हटलं की माझे हात शिवशिवतात. मी सरळ तिसऱ्याच खांबाकडे गेले. पहिला ठोका, भद्द. दुसरा, भद्द. मी हातोडी खाली घेतली, आणि आतून...

टक. टक.

वर एकही गाडी नव्हती. मी खांबाला कान लावला. काँक्रीट कोमट होतं आणि त्याला ओल्या सिमेंटचा वास येत होता. माझ्या जन्माआधीच्या खांबाला ओल्या सिमेंटचा वास! आत कोणीतरी श्वास घेत होतं... डोक्यावर पोतं असलेला हमाल घेतो तसा, तोंडानं, थांबून थांबून. माझी पाचावर धारण बसली, खोटं कशाला सांगू.

चंद्रकांताबाईनं मला बाकड्यावर बसवून पाणी दिलं.

"आमचे मालक हायेत ते," ती हळूच म्हणाली. "हा खांब सिमेंटानं भरला त्या दिवशी कामावर गेले, ते घरी आलेच नाई. ठेकेदार म्हणे, नागपूरले पळाला. मी म्हटलं, जेवल्याबिगर पळते का कोणी? तवापासून इथंच बसतो मी."

तिनं माझं आडनाव विचारलं. आम्ही कोहळी, तलाव बांधणाऱ्यांची जात, आणि तीही कोहळ्याचीच निघाली. मग मला आमच्या घरची रीत आठवली. तलावाच्या पाळीवरचं, म्हणजे बांधावरचं, काम सुटलं की आजोबा एकेकाचं नाव घेऊन हाक मारायचे, "चाल, घरी चाल." ज्यानं त्यानं "हो" म्हणायचं आणि खाली उतरायचं. हाक आली नाही तर पाळीवरून उतरायचं नाही, मग अंधार पडो की पाऊस येवो.

"मग इतकी वर्षं तुम्ही हाक काऊन नाही मारली?" मी जवळजवळ ओरडलेच.

तिनं वर बोट केलं. शाळेची बस चालली होती, खिडकीत पोरं दिसत होती.

"हाक मारली तं येतीन ते. पण मंग पूल कोण धरन?"

मला आधी रडू आलं, मग संताप आला. नवरा खांबात आणि ही बाई लोकांच्या पोरांसाठी तोंड दाबून बसलेली! मी तिथूनच ऑफिसात आमच्या इंद्रकुमार साहेबांना फोन लावला.

"सर, फुलचूरकडचा तिसरा खांब आतून गेलाय. पूल आजच बंद करा, यादीत पहिला घ्या."

"अरे, पहिला पूल फायनल झाला ना! नारळ फोडायची तारीख निघाली. इसको आखिरी में डालो. धानाचा सीझन सुरू हाये."

"नाही टाकत."

"प्रेरणा, नौकरी करनी है ना?"

"पूल बंद करून करीन," म्हटलं, आणि फोन कापला.

भोजराज म्हणजे आमचा ड्रायव्हर. त्यानं एकदाच माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि काही न विचारता जीप एका टोकाला आडवी लावली. दुसऱ्या टोकाला मी टपरीची बाकडी टाकली आणि स्वतः उभी राहिले. ऑटोवाले शिव्या घालत होते. "मॅडम, पागल हो गई क्या?" हो म्हटलं, झाले. उतरून मला बाजूला करून दाखवा! कोणी उतरलं नाही. दिवेलागणीला पूल रिकामा झाला.

चंद्रकांताबाई नाल्याच्या काठावर उभी राहिली. तिनं उभ्या जन्मात नवऱ्याचं नाव घेतलं नव्हतं. तिनं पदर सावरला.

"सुकराम... चाल, घरी चाल."

खांबातून आवाज आला. थकलेला, घसा कोरडा पडलेला.

"हो..."

आणि तिसरा खांब खचला. वरचा रस्ता मधोमध वाकून नाल्यात बसला.  धूळ खाली आली तेव्हा ऑटोवाल्यांतला एक जण चप्पल काढून उभा होता.

साहेबांनी दुसऱ्या दिवशी मला नोटीस दिली, आणि पेपरवाल्यांना सांगितलं की पूल आम्हीच वेळेत बंद केला. देऊ दे. मी ती नोटीस जीपच्या काचेला चिकटवून फिरते.

पुढच्या आठवड्यात बिरसीच्या वाटेवरचा पूल होता. खाली उतरले तर चंद्रकांताबाईची शेगडी तिथं पेटलेली.

"तुम्ही इथं? ते घरी नाही आले का?"

"आले ना. पोटभर जेवले. मंग म्हणे, तिकडचा पूल तिथल्या एकट्याच्यानं पेलून नाही राहिला, ड्युटीवर जातो."

मी हातोडी बाहेर काढलीच नव्हती. जवळच्या खांबातून टक-टक आलं. मग पलीकडच्या खांबातूनही आलं... बारीक, घाईघाईनं.

"हे हायेत आमचे," ती जवळच्या खांबाला हात लावून म्हणाली. पलीकडच्या खांबाकडे मात्र तिनं पाहिलं नाही. "तो दुसरा कोण, ते आमच्या मालकालेही ठाव नाई. अन् नावाबिगर हाक कशी मारू, पोरी?"

तोही पूल मी बंद केलाय. दुसरी नोटीस आली, तीही काचेवर लावलीय. पण नाव सापडत नाही, म्हणून भेटेल त्याला विचारते, आज तुम्हालाही विचारते. तुमच्या घरचं कोणी पुलाच्या कामावर गेलं आणि परत आलंच नाही, असं झालंय का? नीट आठवून सांगा. काल मी गेले तेव्हा तो ठोकत नव्हता, आतून नखांनी खरवडत होता.